शेवटच्याच्या मागे

बुटांना चिखल लागला होता, आणि तो ओला होता.

आईने पाण्याच्या टाकीमागे हात घातला होता तो गळका नळ आवळायला. नळाच्या आधी हाताला लागली प्लॅस्टिकची पिशवी, गाठ मारलेली. गाठ सोडली तर आत बूट. खारूचे पळायचे बूट. डॉक्टरांनी पळणं बंद म्हणून सांगितलं, त्याच आठवड्यात "मैत्रिणीला देऊन टाकते" म्हणून खारू जे घराबाहेर घेऊन गेली होती, तेच. टाचेपाशी उसवलेल्या जागी आईनेच टीप घातली होती. आपल्या हातची टीप तिला ओळखू येणार नाही, असं कसं होईल?

तिने चिखलावर बोट दाबलं. बोट रुतलं. म्हणजे आजचाच.

दुसरी एखादी असती तर बूट तसेच हातात धरून आत गेली असती आणि घर डोक्यावर घेतलं असतं. हिने ते परत पिशवीत घातले, गाठ मारली, होती त्याहून जरा घट्टच, पिशवी टाकीमागे सरकवली आणि हात धुतले. नळ गळायचा तो गळतच राहिला.

हिची रीतच तशी. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती दिवसभर फ्रेममध्ये काचा बसवायची. प्रत्येक काच दिव्यासमोर धरायची, तिरकी करायची, कुठे ओरखडा दिसतो का बघायची. गेलं वर्षभर ती मुलीकडेही तसंच बघत आली होती. जिना चढून आल्यावर बोलताना धाप लागते का, ओठांचा रंग बदलतो का, कपाळावर घाम उगीचच येतो का. झोपताना मधल्या भिंतीला उशी टेकवून पलीकडचा श्वास ऐकायची. विचारायची मात्र काही नाही. नुसती बघायची.

स्वयंपाकघरात खारू ओट्यावर बसून पाय हलवत होती. सोळा वर्षांची घोडी झाली तरी ओट्यावर बसायची सवय गेली नव्हती. लहानपणी जिन्याच्या कठड्यावरून अशी सरसर चढायची की बाबांनी तिचं नावच खारू ठेवलं, आणि शाळेच्या दाखल्यापलीकडे सगळीकडे तेच चालू झालं.

"उद्या तळ्यावर लवकर जायचंय," खारू म्हणाली.

"पाण्याच्या टेबलावर ना?"

"नाही. उद्या मी शेपूट."

"काय?"

"शेपूट गं. सगळ्यांच्या मागून चालायचं. शेवटच्या माणसाच्याही मागून. जाता जाता खांबांना बांधलेले वाट दाखवायचे बाण सोडवत यायचं. कंडक्टरकाकांचा गुडघा धरलाय, म्हणून मला दिलंय."

"चालायचंच ना?"

"आई, पळणारा माणूस शेवटी कसा राहील?" म्हणून खारू हसली. हसताना तिची नजर क्षणभर मोरीच्या दाराकडे गेली, टाकी होती त्या बाजूला.

आई हसली नाही. तिच्या मनात एवढंच आलं, सगळ्यांच्या मागे म्हणजे कुणाच्याच नजरेत नाही. मागे पडायचं, पुढचे दिसेनासे झाले की धावत गाठायचं. कोण बघणार? मागे कुणी नाहीच.

"आणखी कालवण घे," ती म्हणाली.

*

तळ्याभोवतीची ती दौड दर रविवारी सकाळी असायची. पैसे नाहीत, बक्षीस नाही, कुणीही यावं, पळावं, चालावं, बाबागाडी ढकलावी. खारूचे बाबा फ्रीज दुरुस्त करायचे. आठवडाभर लोकांच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या पाठीमागे आडवं पडून काम करायचे आणि रविवारी तळ्यावर जायचे. पळण्यात काही फार दम नव्हता. "पोट कमी करायला जातो आणि येताना भूक घेऊन येतो," असं स्वतःच सांगायचे. घरी आले की दारातच बूट काढत ओरडायचे, "सगळे उतरले!" तिथला कुणी म्हातारा शेवटी असा ओरडतो, त्याची ती नक्कल. आई आतून म्हणायची, "उतरलात तर आंघोळीला चढा." रोजच्या जगण्यातलं हे एवढंच. त्याची कुणी आठवण वगैरे करून ठेवत नाही.

गेल्या वर्षी एका रविवारी ते आले नाहीत, फोन आला. ती दवाखान्यात पोचली तेव्हा बोलायचं काही उरलं नव्हतं. वळणावर पडले, कुणीतरी गाडीत घालून आणलं, एवढंच कळलं. व्हरांड्यात भिंतीशी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, अंगात नारिंगी जाकीट. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग नर्सने एका पिशवीत खारूच्या बाबांच्या वस्तू दिल्या. घड्याळ, घराच्या किल्ल्या, आणि मनगटावरची निळी कापडी पट्टी. दवाखान्यात हाताला काहीबाही बांधतात, त्यातलीच असेल म्हणून तिने त्या पट्टीचा पुढे विचार केला नव्हता. टाकवतही नव्हती. घड्याळाबरोबर ती एका डब्यात पडून होती.

नंतर मुलीला तपासलं. हृदयाच्या स्नायूचा तोच दोष, बापाकडून आलेला. "चालू दे, भरपूर चालू दे," डॉक्टर म्हणाले, "पण पळणं नको. शर्यत तर नाहीच नाही." खारू शाळेच्या संघात होती. तिने मान हलवली आणि घरी येऊन बूट देऊन टाकले. म्हणजे तसं सांगितलं.

तो नारिंगी जाकीटवाला म्हातारा दोनदा घरी आला. पहिल्यांदा आईने आतूनच सांगायला लावलं, ताप आलाय. दुसऱ्यांदाही तेच. दुसऱ्यांदा तो दारातच खारूला म्हणाला, "रविवारी ये गं. पळू नको, नुसती उभी राहा. पाणी द्यायला माणूस नाही." आणि ती जाऊ लागली. आईला नाही म्हणवेना, कारण त्या दिवशी कित्येक आठवड्यांनी पोरीने आपणहून डोकं विंचरलं होतं.

मात्र दर रविवारी भाजीची पिशवी घेऊन आई रस्त्यापलीकडच्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर उभी राहायची. तिथून मैदान दिसायचं, पाण्याचं टेबल दिसायचं. वळण दिसायचं नाही. ते तिला बघायचंही नव्हतं.

*

या रविवारी ती पायऱ्यांवर थांबली नाही. सरळ रस्ता ओलांडून मैदानात आली. दोऱ्या बांधलेल्या, एक छोटा तंबू, आणि तंबूच्या तोंडाशी टोपली घेऊन बसलेले कंडक्टरकाका. सगळी हयात बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेलेली. निवृत्त झाले तरी जीभ बसमध्येच राहिली होती.

"आत सरका, आत सरका! दारात लोंबकळू नका! अहो जाडे, तुम्हाला दीड तिकीट पडेल. हात पुढे करा."

लोक हसत हात पुढे करत होते आणि ते प्रत्येकाच्या मनगटावर टोपलीतली एकेक पट्टी चढवत होते. आईचा हात पुढे आला तेव्हा त्यांनी आधी हात पाहिला, मग वर तोंडाकडे. पुढचा विनोद तोंडातच राहिला.

"वहिनी."

"मी चालणार आहे," आई म्हणाली.

त्यांनी पट्टी उचलून तिच्या मनगटावर चढवली. निळी. कापडी. आत रबर.

आई बघतच राहिली.

"ही… ही कसली?"

"ही? सगळ्यांना देतो. सुटताना घालायची, पोचलात की टोपलीत टाकायची. टोपली पुरी झाली की समजायचं, मागे कुणी राहिलं नाही. तिकीटच म्हणा ना."

"दवाखान्याची नसते?"

"दवाखान्याची?" काकांना कळलं नाही. मग कळलं असावं, कारण त्यांनी मान खाली घालून टोपलीत उगीचच हात फिरवला. "नाही हो. आमचीच."

एवढ्यात खारू आली. अंगात तेच नारिंगी जाकीट. तिला ते सैल होत होतं, खांदे कोपरांकडे उतरले होते. व्हरांड्यातली ती भिंत आईच्या डोळ्यांपुढे आली आणि गेली. मग तिची नजर पायांकडे गेली. तेच बूट.

"तू इथे?" खारूने विचारलं.

"चालणार आहे."

"दुकानात जायच्या चपला घालून?"

"चपला चालायसाठीच असतात."

"मला बघायला आलीस."

"डॉक्टरांनी मलाही चालायला सांगितलंय."

"कधी?"

"सांगतील," आई म्हणाली.

खारूला हसू आलं, पण ते डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. आई आपल्या बुटांकडे बघते आहे हे तिने पाहिलं होतं.

काकांनी खारूला जवळ बोलावलं. "ऐक. शेवटच्या माणसाच्या पुढे जायचं नाही, काही झालं तरी. तो बोलला तर बोलायचं. गप्प राहिला तर आपणही गप्प. बसला तर उभं राहायचं. आणि घड्याळ बघायचं नाही त्याच्यासमोर, त्याला लाज वाटते."

"आणि कुणी शेवटी आलं म्हणून रडलं तर?"

"कुणी शेवटी येतच नाही, बाई. शेवटी तू येणार. जाकीट कशाला दिलंय?"

*

शिटी वाजली. पळणारे भुर्रकन गेले, त्यांच्यामागे सावकाश पळणारे, मग गप्पा मारत चालणारे. बाबागाडीवाली एक बाई आईच्या बाजूने पुढे निघून गेली. आई मुद्दामच रमतगमत चालत होती. पण थोडं अंतर गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपलं गणितच चुकलं. खारूवर नजर ठेवायची तर तिच्या मागे असायला हवं. आणि खारू होती मागे.

ती चपलेचा पट्टा नीट करायला वाकली. मागची पावलं थांबली. ती सरळ झाली, उभी राहिली. मागची पावलंही उभीच.

"जा ना पुढे," आई म्हणाली.

"नाही जाता येत."

"मी येते मागून."

"तुझ्या मागे कुणी नाही, आई. शेवटची तूच आहेस."

"अगं, मी आई आहे तुझी."

"आज प्रवासी आहेस." खारूने खांद्यावरची पिशवी सावरली. "चल. बस खोळंबलीय."

आई चालू लागली. पण मान मागे वळायची ती वळायचीच. प्रत्येक खांबापाशी खारू थांबे, कापडी बाण सोडवी, कोपर आणि अंगठा यांच्यामध्ये दोरी भराभर गुंडाळी आणि पिशवीत टाकी. ही दोरी गुंडाळायची ढब आईने कुठे पाहिली होती ते सांगायला नको. फ्रीजची वायर अशीच गुंडाळून तो मनुष्य संध्याकाळी दारात उभा राहायचा.

त्या दोघींच्या मागे रस्ता मोकळा होत होता. बाण नाहीत, माणसं नाहीत, नुसता ओला रस्ता आणि तळ्याचं पाणी. पुढे बाबागाडी लहान होत होत झाडांत गेली. मग रस्ता डावीकडे वळला. कडेला दगडी कठडा होता, गुडघ्याएवढा, आणि त्याच्या खाली चिखल.

आईचे पाय थांबले. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी थांबले.

"इथेच का?"

"हो," मागून खारू म्हणाली.

आई कठड्यावर बसली. दगड गार होता. खारू उभी राहिली, दोन पावलं मागे, हातात अर्धवट गुंडाळलेली दोरी.

पाण्यावर काही नव्हतं, वाराही नव्हता. मग आई म्हणाली, "टाकीमागे हात गेला होता माझा काल."

"मला वाटलंच. गाठ तुझी होती. मला इतकी घट्ट बसत नाही."

"पळतेस?"

वर्षभर हा एक शब्द तिच्या जिभेवर होता. बाहेर पडला तेव्हा अगदीच लहान वाटला.

"पळले," खारू म्हणाली. "एकदाच. मागच्या महिन्यात. टेबल आवरून झालं होतं, सगळे गेले होते. इथून त्या पुढच्या खांबापर्यंत."

आईने खांबाकडे पाहिलं. फार लांब नव्हता. तिला तो क्षितिजावर असल्यासारखा दिसला.

"काय झालं?"

"काही नाही झालं." खारूचा आवाज बारीक झाला. "काहीच नाही झालं, आई. छान वाटलं. इतकं छान वाटलं की तिथे पोचल्यावर मला भीती वाटली. घरी आले तर सारखं तेच डोक्यात, परत कधी, परत कधी. म्हटलं, मी पुन्हा पळणार. कुणी बघत नसलं की पळणार."

"मग?"

"मग काकांना म्हटलं, मला शेपूट द्या. त्यांचा गुडघा दुखतो म्हणून नाही दिलं त्यांनी. मीच मागितलं. शेवटच्याला पळता येत नाही ना. कुणीतरी पुढे असतंच, त्याच्या मागेच राहायचं. काल त्यांच्याबरोबर बाण बांधायला आले होते, तेव्हा चिखलात पाय गेला."

"पण मग बूट लपवायचे कशाला? चालायलाच जातेस तर सांगायचं ना."

"सांगितलं असतं, तू विचारलं असतंस तर." खारूने दोरीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तू विचारलंच नसतंस. नुसती बघत राहिली असतीस. बुटांकडे, मग माझ्याकडे. मला नाही सहन होत ते. त्यापेक्षा ओरड."

आईने मनगटावरची पट्टी एका बोटाने गोल फिरवली. मग ज्यासाठी वर्षभर हे वळण टाळलं होतं, ते विचारलं.

"एकटेच होते का गं ते?"

"कोण, बाबा? छे!" खारू चक्क चकित झाली. "तुला माहीत नाही? काका होते ना मागे. बाबांना त्या दिवशी पळवत नव्हतं, सगळ्यांच्या शेवटी चालत होते. काका शेपूट. दोघं गप्पा मारत आले इथवर."

"कसल्या गप्पा?"

"फ्रीजच्या. काकांच्या फ्रीजमध्ये बर्फ साठत होता. बाबा म्हणाले, मशीन नका बदलू, कुणी सांगितलं तरी ऐकू नका, दाराचं रबर सैल झालं असेल, आधी रबर बघा. मग म्हणाले, जरा बसतो. आणि बसले. तू बसलीयेस तिथेच. काका उभे राहिले." खारू थांबली. "शेवटचा बसला तर उभं राहायचं. मग हात धरला त्यांनी. सोडला नाही, गाडी येईपर्यंत. गाडीतही नाही."

आईच्या डोळ्यांपुढे तो व्हरांडा आला. भिंतीशी उभा म्हातारा. कुणीतरी गाडीत घालून आणलं, त्यातला कुणीतरी हाच. तो सांगायलाच तर आला होता दोनदा. आणि ती आतल्या खोलीत पांघरूण ओढून बसली होती, ताप आलाय म्हणून.

"आधी रबर बघा," ती हळूच म्हणाली. घरात काहीही बिघडलं, अगदी रेडिओ बिघडला, तरी तो मनुष्य हेच म्हणायचा. तिला हसू फुटलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू. दोन्ही एकाच वेळी कसं आवरायचं ते कळेना, तेव्हा तिने पदर तोंडावर धरला. खारू जागची हलली नाही. जवळ आली नाही, गळ्यात पडली नाही. शिकवल्याप्रमाणे उभी राहिली, पाण्याकडे बघत.

"बघितलं का मग त्यांनी रबर?" पदराआडून आईने विचारलं.

"बदललं म्हणे. आता बर्फ साठत नाही."

खारूचा फोन वाजला. काकांचा आवाज मोठा होता, आईलाही ऐकू आला. "कुठवर आली गाडी?"

"वळणावर आहे काका. प्रवासी बसलाय."

मग काका म्हणाले, "बसू दे. तुम्ही येईपर्यंत शेवटची दोरी सोडत नाही आम्ही."

*

उरलेल्या वाटेवर आईने मागे वळून पाहिलं नाही.

सोपं नव्हतं ते. मान दर थोड्या वेळाने वळायला बघे, सवयच लागलेली. पण मागून पावलांचा आवाज येत होता, चिखल वाळलेल्या बुटांचा, चर्र चर्र. खांबापाशी थांबे, दोरी सुटल्याची सळसळ, की पुन्हा चर्र चर्र. भिंतीपलीकडचा श्वास ऐकण्याहून हे बरं होतं. हे भर उजेडात होतं. एकदा आवाज जरा मागे राहिला. तिने पाय रोवून वाट पाहिली, पण वळली नाही. धावत गाठल्याचा आवाज आला नाही. पावलं आली ती आपल्या चालीने आली, दोन हातांवर येऊन थांबली.

"गाठ बसली होती," मागून आवाज आला. "चल."

मैदानात आता फारसं कुणी नव्हतं. तंबू उतरवून झाला होता, टेबलं एकावर एक चढली होती. फक्त शेवटची दोरी तेवढी ताणलेली, आणि तिच्यापलीकडे खुर्चीत कंडक्टरकाका, मांडीवर टोपली. आई दोरीतून आत गेली. तिच्या मागून खारू, पिशवी फुगलेली, जाकीट एका खांद्यावरून घसरलेलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकांनी मान हलवली तेवढीच.

आईने मनगटावरची पट्टी काढून टोपलीत टाकली. खारूने आपली टाकली. काकांनी पट्ट्या खालीवर केल्या, जुळवल्या आणि टोपलीवर फडकं झाकलं.

आई थांबली. तिला वाटलं, आता ते ओरडतील. घरी दारात बूट काढताना ऐकलेलं ते एक वाक्य तिला मूळ माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. पण काकांनी खुर्चीच्या हाताला धरून गुडघा सावरला आणि नुसते म्हणाले, "चला."

"पूर्वी काहीतरी ओरडायचात म्हणे तुम्ही," आई म्हणाली. "सगळ्या पट्ट्या आल्या की."

"ओरडायचो." त्यांनी फडक्याची घडी नीट केली. "आता नाही ओरडत."

"आजच्या सगळ्या आल्या ना?"

"आजच्या आल्या."

"एक माझ्याकडे आहे," आई म्हणाली. "डब्यात. मला वाटलं दवाखान्याची."

काकांनी फडक्यावरून हात फिरवला. "राहू द्या वहिनी. पट्टीचं काय एवढं. कुणी मागत नाही."

"तिकीट ना ते तुमचं?" आई म्हणाली. "पुढच्या रविवारी हिच्याबरोबर पाठवते."

पिशवीतले बाण काढत असलेली खारू तशीच वाकलेली राहिली. मग तिने मान वर करून आईकडे पाहिलं. आई तिच्याकडे बघत नव्हती. ती काकांच्या गुडघ्याकडे बघत होती.

"आणि तुम्ही या घरी," ती त्यांना म्हणाली. "कधीही या. ताप उतरलाय माझा."

"येतो," काका म्हणाले, आणि चष्मा काढून पुसू लागले.

"द्या इकडे. दांडी सैल झालीय," आई म्हणाली. तिने चष्मा हातात घेतला, उजेडासमोर धरला, तिरका केला. काचांवर ओरखडे होते पुष्कळ. पर्समधला छोटा पेचकस काढून तिने दांडीचा स्क्रू पिळला आणि चष्मा परत दिला.

*

घरी आल्यावर खारू बूट घेऊन मोरीकडे निघाली. सवयीने टाकीच्या मागे हात गेला, मग थांबला. ती वळून बघत राहिली.

"ठेव इकडे," आई म्हणाली. "आणि आंघोळीला जा."

मोरीत पाणी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा आई दात घासायच्या जुन्या ब्रशने बुटांचा चिखल काढत बसली होती. शिवणीतला, नाड्यांच्या भोकांतला, तळव्याच्या खाचांतला. वाळलेली माती वर्तमानपत्रावर पडत होती. उसवलेल्या टाचेला तिने आणखी एक टीप घातली. मग बूट दाराशी नेऊन आपल्या चपलांच्या शेजारी ठेवले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे.

आतून डबा आणला. घड्याळ आणि किल्ल्या तशाच राहू दिल्या. पट्टी काढली. रबर जुनं झालं होतं, पण धरून होतं. ती तिने उजव्या बुटात घातली, पार आत, बोटांपाशी, म्हणजे रविवारी पाय घालताना लागेल आणि पोर विसरणार नाही.